पत्रेआप्पांच्या चौदा फासळ्या

पत्रेआप्पांना शिव्या येत नसत आणि त्यांना त्यांची गरजही कधी पडली नाही. समोरच्याला मातीत घालायला त्यांना एकच शब्द पुरे होता, जोडारी. आयटीआयमध्ये हा फिटरच्या ट्रेडचा साधा, सभ्य शब्द आहे. शेकडो पोरं त्यावर पोट भरतात. पण आप्पा तो ज्या सुरात उच्चारत, त्या सुरात लोक 'खिसेकापू' म्हणतात.

त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक घडवणारी आणि दुसरी जोडणारी. पहिल्या प्रकारची लातूर जिल्ह्यात चार-पाच उरली होती आणि त्यातल्या दोघांबद्दल त्यांना शंका होती. बाकी आपण सगळे जोडारी. एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. केटरर हात जोडून विचारत आला, "आप्पा, जेवण कसं झालंय?" आप्पांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाजी मंडईतली, मसाला पाकिटातला, पोळ्या बचतगटाच्या. तू काय केलं ते सांग, मंग कसं झालं ते सांगतो." तो बिचारा पुन्हा आमच्या पंगतीकडे फिरकला नाही. मठ्ठा मला स्वतः उठून आणावा लागला.

माझी त्यांची ओळखही अशाच थाटात झाली. लातुरात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तेव्हा बोर्डावर लिहिलेलं होतं, 'येथे कॉम्प्युटर बनवून मिळतील.' एका दुपारी कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढलेला, किडकिडीत, सत्तरीकडे झुकलेला म्हातारा नातीचा बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन आला. मी खोका उघडला तसा तो वाकून आत बघू लागला.

"ही हिरवी पाटी कुणी केली?"

"ती तैवानची आहे, आजोबा."

"अन् ह्यो पंखा?"

"चीनचा."

"खोकं?"

"तेही बाहेरूनच येतं. मी सगळं एकत्र बसवतो."

"म्हंजी चार स्क्रू पिळतो," म्हातारा म्हणाला. "मंग बोर्डावर 'बनवून' कशापायी लिवलं? जोडून लिव की."

त्या दिवसापासून मी 'जोड्या' झालो. बायकोसमोर, गिऱ्हाइकांसमोर, बँकेच्या मॅनेजरसमोर, सगळीकडे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. हातात हातोडी धरली म्हणून माणूस ब्रह्मदेव होत नाही, असं मी मनातल्या मनात त्यांना रोज सुनावायचो. तोंडावर बोलायची हिंमत मात्र झाली नाही, कारण म्हाताऱ्याचं काम मी पाहिलं होतं.

आप्पा मूळचे उदगीरकडचे. एका साखर कारखान्यात पत्र्याच्या कामावर उभी हयात गेली, म्हणून पत्रेआप्पा. नोकरीच्या आधी आणि निवृत्तीनंतर त्यांनी धान्याच्या कोठ्या, ट्रंका, पन्हाळी असलं काम केलं. त्यांच्या कोठीत ज्वारीला कीड लागत नाही असं बायका म्हणायच्या. झाकण असं बसायचं की बंद करताना आतली हवा सुस्कारा टाकायची. प्रत्येक वस्तूच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ते पोलादी सुईने तीन बारीक रेघा ओढत. कपाळावरच्याच त्या, आडव्या. नाव का नाही घालत, असं मी एकदा विचारलं. "नाव कुनाचंबी घालता येतं," ते म्हणाले. "रेघ मारायला हात लागतो."

आता सरांविषयी. लातुरात 'सर' पायलीला पन्नास मिळतात, पण आमचे सर त्यांतले मोठे. क्लासची तीन मजली इमारत, प्रत्येक चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर गुणवंत पोरांचे तिकिटाएवढे फोटो आणि सरांचा दरवाज्याएवढा. खाली लिहिलेलं, 'आम्ही डॉक्टर घडवतो.' आप्पा तो फ्लेक्स चौकात उभं राहून मोठ्याने वाचत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "लोह्याचं पोरगं, चाकूरचं पोरगं, धर्माबादची पोरगी. आईबापानं अन् गावच्या मास्तरानं घडवून धाडलेली. ह्यो निस्ता गठ्ठा बांधतो अन् वरून आपला फोटू लावतो. जोडारी!"

तर या सरांना विमान बनवायची हुक्की आली. कुठल्याशा शहरात जाऊन ते विमान चालवायला शिकून आले होते. तयार विमान घ्यायची ऐपत होती, पण तयार विमान कुणीही पैसेवाला घेतो, त्याचा फ्लेक्स होत नाही. स्वतःच्या हाताने बनवलेलं विमान, ही गोष्ट वेगळी. म्हणून परदेशातून दोन माणसं बसतील एवढ्या विमानाचे सुटे भाग मागवले गेले. चाकूर रस्त्याला सरांच्या शेतात सोयाबीनचं गोदाम होतं, ते रिकामं करून त्यात ही खोकी ठेवली. सरांनी एका खोक्याला नारळ फोडला, फोटो काढले आणि 'विमाननिर्मितीस प्रारंभ' असं सगळ्या ग्रुपवर पाठवून दिलं.

पत्र्याचं काम शिकवायला माणूस हवा होता. ज्याला विचारावं तो आप्पांचं नाव सांगे. आप्पा आधी "बेडा, बेडा" म्हणाले, उदगीरकडच्या कानडीत 'नको, नको'. पण सर मोठे चिवट. त्यांनी म्हाताऱ्याला नुसतं बघायला म्हणून गाडीत घालून गोदामात नेलं. आप्पांनी खोक्यातला अॅल्युमिनियमचा एक पत्रा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, उन्हात नेऊन तिरपा धरला. मग काही न बोलता सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. आयुष्यभर काळा आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा ठोकणाऱ्या माणसाला तो पत्रा दाखवणं हा सरांचा एकमेव शहाणपणा, आणि तोही नकळत घडलेला.

मीही त्या गोदामात ओढला गेलो, कारण रजिस्टर ठेवायला आणि फोटो काढायला माणूस लागत होता. घरी बनवलेल्या विमानाला उडायची परवानगी हवी तर निम्म्याहून अधिक काम मालकाने स्वतः केलेलं असावं लागतं. कारखान्यातून तयार आलेलं काम धरत नाहीत. मजुरी देऊन करवून घेतलेलंही धरत नाहीत. कामांची भली मोठी यादी होती. प्रत्येक कामापुढे लिहायचं, हे कारखान्याने केलं, स्वतः घडवलं, की स्वतः जोडलं. घडवणं आणि जोडणं, दोन्हींचे रकाने वेगळे.

तो कागद मी आप्पांना वाचून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जगात कुणीतरी, तेही परदेशातल्या शिकलेल्या लोकांनी, त्यांचाच हिशेब कागदावर मांडला होता. त्यांनी मला तो पुन्हा वाचायला लावला. मग सरांना समोर बसवून शिकवणी घेतली. "सर, ऐका. पत्रा सपाट हाय, त्याला आकार न्हाई. तुमच्या हातातून गेला अन् त्याला आकार आला, तर ते घडवणं. दोन आकार आदीच हायत, तुमी त्याहीला रिबीट मारलं, तर ते जोडणं. भोकं त्याहीनं पाडली, बाक त्याहीनं दिला, तुमी निस्ता सुईदोरा घातला, अन् म्हनता म्या शिवलं!" शहरभर लोकांना समजावून सांगायचा धंदा करणारे सर मान डोलवत होते. त्यांना यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त गणित केलं. नुसती जोडणी धरली तर बेरीज निम्म्याच्या खाली राहत होती. पंखाच्या आतल्या चौदा फासळ्या सपाट पत्र्याच्या स्वरूपात आलेल्या होत्या. त्या स्वतः घडवल्या तर बेरीज निम्म्याच्या वर जात होती. म्हणजे विमान उडणार की नाही, हे त्या चौदा फासळ्यांवर येऊन थांबलं.

फासळी करायची म्हणजे सपाट पत्रा दोन लाकडी साच्यांमध्ये दाबून धरायचा आणि बाहेर उरलेली कड लाकडी मोगरीने हळूहळू वळवत आणायची. पंखाला बाक असतो, त्यामुळे वळवताना कडेचा पत्रा जास्त होतो. तो जास्तीचा पत्रा करंजीला मुरड घालावी तसा छोट्या छोट्या चुण्यांत जिरवावा लागतो. सरांनी पहिली फासळी स्वतः केली. म्हणजे मोगरी हातात धरून आधी दहा मिनिटं फोटो काढून घेतले आणि मग पत्र्यावर दणादण घाव घातले. आप्पांनी ती फासळी दोन बोटांत धरून वर केली. "सर, ह्यो पापड झाला," ते म्हणाले. "भाजायचा का तळायचा?"

दुसऱ्या आठवड्यात सरांच्या क्लासचे प्रवेश सुरू झाले. पोरांचे आणि पालकांचे ट्रक उतरू लागले. सर गोदामात आले ते गॉगल न काढता. "आप्पा, तुम्हीच करून टाका आता. मी आहेच." आणि मला गाडीपाशी बोलावून म्हणाले, "रजिस्टरला 'स्वतः' लिहायचं. माझे फोटो आहेत ना मोगरीचे, तेच तारखा बदलून लाव. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नाही."

मी ते केलं. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? सरांच्या नव्या इमारतीतल्या लॅबचं काम मला हवं होतं, आणि फासळी कुणी ठोकली यावरून जग बुडत नाही असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय उठता-बसता मला 'जोड्या' म्हणणाऱ्या माणसावर कुठेतरी सूडही उगवला जात होता. ही गोष्ट कबूल करायला मला काही वर्षं लागली.

आप्पांनी फासळ्या केल्या. दोन-तीन दिवसांना एक. कडेने ते बोटाचं टोक फिरवत, थांबत, मोगरीचा एक हलका ठोका देत, पुन्हा बोट फिरवत. असं काम करताना ते कुणालाच नावं ठेवत नसत, आणि तेवढाच वेळ त्यांच्याजवळ बसणं मला आवडायचं. फासळी झाली की आतल्या बाजूला, वळणाच्या अगदी काठाला, सुईने तीन रेघा. मग ते माझ्याकडे वळत. "काय लिवलं?"

"फासळी सहावी. आप्पा."

"आप्पा न्हाई. पुरं नाव लिव. बापाचं बी."

"लिहिलंय," मी म्हणायचो. चौदा वेळा म्हणालो.

पंखावर वरचा पत्रा चढवण्याआधी परवानगी देणाऱ्या खात्याचे तपासनीस यायचे होते. आले ते एक शांत, हळू बोलणारे गृहस्थ, हिंदी बोलणारे. सरांनी त्यांच्यासाठी हार, शाल आणि बासुंदी असा जामानिमा ठेवला होता. त्यांनी हार बाजूला ठेवला, रजिस्टर चाळलं आणि बॅटरी घेऊन पंखात डोकं घातलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "ये तीन लकीरें क्या हैं? हर रिब पर हैं."

सर गडबडले. "डिझाइन है, सर."

"आपने बनाया है ना? तो क्यों खींचीं?"

सर शालीची घडी मोडून पुन्हा घालू लागले. मागे खांबापाशी आप्पा उभे होते. त्यांनी अगदी सहज, विचारलं म्हणून सांगावं तसं सांगितलं, "ओ मेरी निशानी है साब. जो मैं बनाता, उसपे मारता."

 तपासनिसांनी एकदा रजिस्टरकडे पाहिलं, एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ. त्यांनी रजिस्टर मिटलं, पण बोलले ते आप्पांशीच. काम फार सुंदर आहे म्हणाले, असं हाताचं काम फार दिवसांत बघितलं नाही म्हणाले. आणि मग सांगितलं की या चौदाच्या चौदा फासळ्या काढून टाकाव्या लागतील. अॅल्युमिनियमवर सुईने रेघ मारायची नसते, आणि वळणाच्या काठाला तर कधीच नाही. पंख हवेत सतत थरथरतो. तडा जायला जागा शोधत असतो, आणि ही रेघ त्याला जागा दाखवते.

सरांना यातून एवढंच कळलं, की बिंग फुटलं. आप्पांनी फक्त रेघेची गोष्ट ऐकली. सर फोनवर कुणाकुणाला गाठत गोदामाबाहेर गेले. आप्पांनी एक फासळी पंखातून सोडवून घेतली, पकडीत आवळली आणि रेघांपाशी मागे-पुढे वाकवू लागले. थोड्याच वेळात ती रेघेवरून सरळ चिरली. मग जिथे रेघ नव्हती ती बाजू पकडीत धरली आणि तेवढ्याच वेळा वाकवली. ती चिरली नाही. त्यांनी दोन्ही तुकडे साच्यावर शेजारीशेजारी ठेवले. आयुष्यभर जी खूण त्यांनी अभिमानाने ओढली, तीच इथे माणसाच्या जिवावर उठणार होती. कोठीत ती चालली होती, कारण कोठी उडत नाही. सगळ्या जोडाऱ्यांना त्यांनी आजवर जेवढं कमी लेखलं होतं, त्याहून कमी त्यांनी त्या क्षणी स्वतःला लेखलं. मला ते बघवेना.

जाताना त्यांनी मला गाठलं. "रजिस्टरात कुनाचं नाव हाय?"

मी सांगितलं.

मला वाटलं, आता जोडारी म्हणतील. निदान तेवढं तरी म्हणावं, असं वाटत होतं. ते म्हणाले, "जोडारी हाय ते जोडतो. तू न्हाई ते लिवलं. तुला काय म्हनावं, मला शब्द न्हाई." त्या दिवसापासून त्यांनी मला जोड्या म्हणणं बंद केलं. मी किती घसरलो होतो, ते मला त्यावरून कळलं.

परवानगी मिळाली नाही. सर आठवडाभर सुतकी चेहऱ्याने फिरले, मग त्यांच्यातला सर जागा झाला. अर्धवट विमान त्यांनी क्लासच्या दारात लोखंडी खांबावर चढवलं. खाली फ्लेक्स, 'आमचे स्वप्न, आमची निर्मिती.' पोरं त्याच्यापुढे सेल्फी काढतात. त्या पंखांत आप्पांच्या बाकीच्या तडा जाणाऱ्या फासळ्या अजून आहेत, कारण खांबावरचं विमान उडत नाही आणि त्यामुळे पडतही नाही. सरांसाठी हीच जागा योग्य होती.

उरलेले पत्रे सरांनी भंगारात काढले होते, ते आप्पांनी घेतले असं मला कुणीतरी सांगितलं. चार-पाच महिने ते कुठे दिसले नाहीत. एका सकाळी रिक्षातून उतरले, हातात ज्वारीचं पोतं. पोतं त्यांनी माझ्या काउंटरवर रिकामं केलं. चौदा फासळ्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा फासळ्यांना नीट हात लावला. कडा तशाच, चुण्या तशाच, उलट जास्तच साफ. आत बघितलं. रेघ नाही. कुठेच नाही.

"आप्पा, विमान तर आता उडणार नाही."

"म्या कुटं म्हनलं उडल?"

"मग कशाला केल्या?"

"आदीच्या चुकल्या व्हत्या," ते म्हणाले. दुसरं कारण त्यांना लागत नव्हतं.

"नाव तरी घालू द्या. मार्करने लिहितो. मार्करने काही होत नाही."

"र्‍हाऊ दे. तुला म्हाईत हाय ना कुनी केल्या." आणि दारापर्यंत जाऊन, पाठमोरेच, "तुझ्याकडं ठिव."

एवढा विश्वास माझ्यावर का टाकला, मला कळलं नाही. मी त्या लायकीचा नव्हतो आणि त्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. नंतर ते देगलूरला मुलीकडे राहायला गेले. तिथेच एका श्रावणात गेल्याचं कळलं. मी गेलो तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं. मुलीने चहा दिला आणि म्हणाली, "बाबा तुमचं नाव घेत होते, दुकानवाले म्हणून." नुसतं दुकानवाले, खोटं लिहिणारा नव्हे. मी चहा प्यायलो. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतक्या दयेने बोललं नव्हतं.

फासळ्या माझ्या दुकानात काचेच्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात नांदेडचे एक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आले होते. त्यांनी एक हातात घेऊन खालीवर फिरवली.

"इम्पोर्टेड दिसतायत."

"नाही. आमच्या आप्पांनी हाताने केल्या. मोगरीने."

"हाताने?" ते हसले. "अहो, चौदाच्या चौदा एकसारख्या आहेत. हे मशीनचं काम आहे. नाव नाही, खूण नाही. काही लेखी आहे का?"

"लेखी आहे," मी म्हणालो. "पण ते खोटं आहे. मीच लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, फासळी कपाटात ठेवली आणि वायरलेस माउस केवढ्याला म्हणून विचारलं. मी किंमत सांगितली.